प्रवासापुरती दारी

जिन्यात उभ्या उभ्याच सांगायचं आणि परत फिरायचं, असं अंजलीने ठरवलं होतं. पण नीलोफरने दार उघडलं, चहाचा कप हातात दिला आणि नेहमीसारखी डावा पाय आखडून खुर्चीत जाऊन बसली. पेशंट तयार होता.

"विचारा, ताई."

अंजली द्वारका चौकातल्या गर्दीत तासभर अडकून आली होती. पोटऱ्या भरून आल्या होत्या. आज मालेगावच्या एका विणकराला कृत्रिम पायावर पहिल्यांदा चालवलं होतं. तो चालला, भार मात्र सगळा तिच्या खांद्यावर टाकून. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं खाणंपिणं, कपडे बदलणं, सगळं अजून व्हायचं होतं.

तिच्या हॉस्पिटलचं पथक कृत्रिम पायांच्या शिबिरासाठी काबूलला जाणार होतं. तिथे बायकांना तपासायला बाईच लागणार होती. बाकीच्या फिजिओथेरपिस्ट मुलींनी अंग काढून घेतलं, तेव्हा अंजली हो म्हणाली. भीती वाटत होतीच. पण निदान काही दिवस घरातून सुटका, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं होतं.

तिथली भाषा दारी. ती शिकवायला इंदिरानगरात, गच्चीवरच्या खोलीत राहणारी नीलोफर सापडली. काबूलची मुलगी. नाशिकला शिकायला आली, मागे तिथलं राज्य बदललं आणि ती इथेच अडकली. मराठी झकास बोलायची.

"प्रवासापुरतं शिकव," अंजलीने सांगितलं होतं. "पाणी, टॅक्सी, बाजार."

ते नीलोफरने भराभर उरकलं. मग सुरू झाला पेशंटचा खेळ. "पाय म्हणजे आमच्याकडेही पायच," ती हसून म्हणाली होती. दुखतंय का, तर 'दर्द मेकुना?' सोपं होतं. पण नीलोफर रोज एकच बाई व्हायची. म्हातारी, डावा पाय गुडघ्याखाली गेलेला, घराबाहेर न पडणारी, विचारलेलं सोडून भलतंच सांगत बसणारी.

"अगं, कधीतरी उजवा पाय घे. तरुण पेशंट हो," अंजली वैतागायची.

"हीच बाई अवघड आहे, ताई. हिचं बोलणं कळलं की सगळ्यांचं कळेल."

आज अंजलीने काही विचारलंच नाही. कप खाली ठेवला.

"नीलोफर, शिबिर रद्द झालं. परवानगी मिळाली नाही."

ते कळल्यावर आधी आपल्याला हायसं वाटलं, हे तिने सांगितलं नाही.

"पुढे ढकललं का?"

"नाही गं. रद्दच. आता शिकून तरी काय करू? दमले मी."

आखडलेला पाय नीलोफरने सावकाश सरळ केला. मग फोन उचलला.

"एकदाच खऱ्या पेशंटला विचाराल?"

पडद्यावर एक म्हातारी दिसली. जमिनीवरच्या गादीवर बसलेली, डोक्यावरून ओढणी घेतलेली. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"माझी आई," नीलोफर म्हणाली. "काकांनी तुमच्या शिबिरात तिचं नाव दिलं होतं."

अंजली तिच्याकडे बघतच राहिली. "मग आधी का नाही सांगितलंस?"

"तिला रांगेत पुढे घ्या, असं म्हणायचं नव्हतं मला. फक्त तिचं बोलणं तुम्हाला कळावं, एवढंच."

अंजलीची नजर एव्हाना म्हातारीच्या गुडघ्याखालच्या जाड उशीवर गेली होती. गुडघा सतत वाकलेला राहिला तर तसाच आखडतो. मग कुठलाच कृत्रिम पाय बसत नाही.

"उशी काढायला सांग त्यांना. नाही, थांब. मीच सांगते." तिने फोन हातात घेतला. "पाय दर्द मेकुना?"

म्हातारी दचकली, मग खळखळून हसली आणि बोलतच सुटली. अंजलीला निम्मं कळलं. निम्मंच पुरेसं होतं. उशीकडे बोट दाखवत ती म्हणाली, "झानू... रास्त." गुडघा सरळ. म्हातारीने उशी ओढून काढली. तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "आहिस्ता, आहिस्ता," अंजली म्हणत राहिली. थोडा थोडा करत गुडघा गादीला टेकला. मागे उभ्या नीलोफरने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं.

धाप ओसरल्यावर म्हातारी पडद्याजवळ आली. तिने अंजलीचा चेहरा निरखून पाहिला.

"मांदा नबाशी," ती म्हणाली.

हे शिकवण्यात आलं नव्हतं. "काय म्हणाल्या? फार दुखतंय का?"

"नाही, ताई. आमच्याकडे माणूस भेटलं की असंच म्हणतात. खरं तर हेच सगळ्यात आधी शिकवायचं असतं. माझ्याकडून राहून गेलं."

"पण म्हणजे काय?"

"तुला थकवा न येवो."

अंजली खुर्चीत बसली.

"याला उत्तर काय द्यायचं?"

"झिंदा बाशेन. तुम्ही जिवंत राहा."

अंजलीने फोन जवळ घेतला आणि एकेक अक्षर सांभाळत ते म्हटलं. मग नीलोफरकडे वळली.

"आता 'उद्या याच वेळेला' कसं म्हणतात, ते शिकव."