पियानोची चौकट

आईच्या पियानोतली, तारा ताणून धरणारी लोखंडी चौकट साखळीच्या कप्पीवर हळूहळू वर येत होती. आई गेल्यापासून मुका पडलेला तो पियानो नव्यानं बांधायला बापलेकीनं आपल्या वसईच्या कारखान्यात आणला होता. साल्वादोर साखळी ओढत होता आणि चौकट लाकडाला घासू नये म्हणून त्याची मुलगी इव्हेट तिला हातानं सावरत होती.

तेवढ्यात चौकटीला बांधलेला पट्टा करकरला आणि तुटला. चौकट एका अंगाला कलली. आईच पडतेय असं वाटून इव्हेट दोन्ही हात पसरून तिला धरायला झेपावली.

“सोड! मागे हो!” बाप ओरडला.

तिनं हात काढले. दोन माणसांच्या वजनाची ती चौकट फरशीवर आदळली आणि दुभंगली. तो पियानो आता कधीच वाजणार नव्हता.

“मी धरली असती, बाबा,” ती रडत म्हणाली. “आईचा पियानो होता तो.”

साल्वादोरनं तिचे हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले, एकेक बोट दाबून पाहिलं. “पियानो गेला, ते मी तिला सांगेन गं,” तो म्हणाला. “तुझे हात गेले असते, तर तिच्या कबरीवर कुठल्या तोंडानं गेलो असतो?”

मग तो साखळीचा आकडा सोडवायला उठला. पण तीनदा खटपट करूनही तो त्याच्या हातानं सुटेना. इव्हेटनं डोळे पुसले आणि आकडा अलगद त्याच्या हातातून काढून घेतला.