मागची सीट

२०१७ साली ह्यांनी हायब्रिड गाडी घेतली. पुढे सासूबाई, मागे मी आणि मांडीवर पिशव्या. काचा बंद, कारण सीटवर धूळ बसते. एसी बंद, कारण पेट्रोल जळतं. "अहो, जीव घाबरा होतोय," म्हटलं की हे म्हणत, "पोचलोच आता. लोण्याची आहेस का वितळायला?"

एकदा भर उन्हात गाडीच अडून बसली. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, इंजिन गार ठेवायला कूलंट आहे, पण हिची बॅटरी गाडीतल्या हवेवर जगते. मागच्या सीटपाशी जाळी आहे ना, तिथून ती हवा घेते. आत एवढं उकडत असेल तर बिचारी टिकायची कशी?"

ह्यांनी कपाळावर हात मारला आणि परतताना एसी लावला. तेव्हापासून मला अगदीच असह्य झालं की मी हळूच म्हणायचे, "अहो, बॅटरी तापली वाटतं." लगेच गार वारा यायचा.

सासूबाई गेल्या, मग हेही गेले. गाडी आता लेक चालवते आणि मी तिच्या शेजारी बसते. परवा तिनं विचारलं, "आई, उकडतंय का गं तुला?"



"छे गं, मला कुठलं? बॅटरीला उकडत असेल बघ."