चिनीची तोंडी परीक्षा

"पुन्हा म्हण," पूर्णिमा मॅडम डोळे मिटून म्हणाल्या.

आदितीनं तेच वाक्य सातव्यांदा म्हटलं. आई, मी जेवले, काळजी करू नकोस. चिनीत हे एवढंसं वाक्य, पण मॅडमच्या कानाला ते काही केल्या पटेना.

"शेवट जरा ओढ. आळसावल्यागत. माझी रूममेट तशी बोलायची."

मॅडम चीनमध्ये एका कारखान्यात नऊ वर्षं दुभाषी होत्या. तिथल्याच एका मुलीबरोबर खोली घेऊन राहिल्या आणि तिच्याच तोंडून भाषा उचलली. आता मंगळवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. गळ्याला कायम मफलर, आवाज बसलेला. पुढच्या महिन्यात घशाचं ऑपरेशन होतं, त्यामुळे सगळी घाई.

घाई आदितीलाही होतीच. एका फाउंड्रीत चिनी मशिनं आली होती, दुभाषी हवा होता आणि मॅडमचा शब्द तिथे चालत होता. इकडे तिच्या वडिलांनी, धनपालांनी, बजावून ठेवलं होतं: दिवाळीपर्यंत नोकरी, नाहीतर सांगलीचं स्थळ. स्थळात खोट नव्हती. आदितीला ते नको होतं, बस्स.

शिकवणी मात्र चमत्कारिक. वही नाही, पुस्तक नाही, मशिनाचा एक शब्द नाही. नुसती घरगुती बोलणी. गुडघा दुखतो का, औषध घेतलंस का, सुट्टी मिळाली की येते. कुठे थांबायचं, कुठे नाकातून हसायचं, हेसुद्धा ठरलेलं. एकदा आदितीनं आपल्या मनानं वाक्य जुळवलं तर मॅडम भडकल्याच.

"हुशार हायेस, ठाऊक हाय. पर हितं हुशारी नगं. मी म्हणते तसंच म्हण."

एका बुधवारी जिना चढताना आतून कोवळ्या पोरीचं हसणं ऐकू आलं. नाकातलं. दार उघडलं तर मॅडम एकट्याच, हातात फोन. आदितीला विचारायचा धीर झाला नाही.

पुढच्या बुधवारी चार वाजता परीक्षा ठरली. रूममेटच्या आईला फोन करायचा.

"मी तिला आईच म्हणायची, तूही म्हण. नाव सांगू नगंस. परकी हायेस कळलं तर मुद्दाम सोपं बोलंल. तिनं टोकलं न्हाय तर तू पास. उद्याच फाउंड्रीत घेऊन जाते."

"आणि टोकलं तर, मॅडम?"

मॅडमनी नंबर लावून स्पीकर चालू केला.

पलीकडे टीव्ही चालला होता. म्हातारीचा आवाज बारीक, आनंदी. गुडघ्याचं झालं, औषधाचं झालं. आदिती हसायची तिथे हसली. मॅडमनी तिचा हात घट्ट धरला होता.

"जेवलीस?" म्हातारीनं विचारलं. "काय केलं होतंस?"

मासा म्हणायचं होतं. शिकवणीत ती तो शब्द बिनदिक्कत म्हणत आली होती. तिथे तो नुसता आवाज होता. आता जितंजागतं माणूस विचारत होतं. त्यात घर जैनाचं, पर्युषणाचे दिवस, हिरवी भाजीसुद्धा बंद. मी मासा खाल्ला, असं कसं सांगायचं? ऐन वेळी जीभ अडली.

"भात," आदिती म्हणाली. "नुसता भात आणि डाळ."

मॅडमनी तिचा हात सोडून दिला.

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"घाबरू नकोस, पोरी," म्हातारी सावकाश, अगदी सोप्या शब्दांत बोलू लागली. "पूर्णिमाला एवढंच सांग, माझ्या मेलेल्या लेकीचा आवाज तिलाच चांगला जमायचा."