मनातलं मोठ्याने

"सर, थांबलात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिल टेबलावर वाजवली. टक टक.

मोठ्या सरांनी उताऱ्यावरून नजर उचलली. त्यांच्यापुढे आजवर कुणी टेबल वाजवलं नव्हतं. शाळेत टेबल वाजवायचा मान त्यांचाच.

"थांबलो नाही. विचार करत होतो."

"तोच मोठ्याने करायचाय, सर."

बाईंच्या संशोधनाची रीतच अशी होती. समोरच्याने इंग्रजी उतारा वाचायचा आणि वाचताना मनात येईल ते आपल्या भाषेत, जसंच्या तसं बोलत राहायचं. गप्प झाला की संशोधकाने टेबल वाजवायचं. परकी भाषा वाचताना डोक्यात काय चालतं ते यातून कळतं म्हणे. मुलांची डोकी बाईंनी ढिगाने तपासली होती. पण मार्गदर्शक प्राध्यापकांनी बजावलं, इंग्रजीचा एक तरी मुरलेला शिक्षक हवा, नाहीतर प्रबंध घरी घेऊन जा. शाळेत इंग्रजीचे मुरलेले शिक्षक एकच. मोठे सर.

पाठीमागे त्यांना सगळे 'कुलूप' म्हणत. त्यांच्या मनात काय आहे ते त्यांच्या बायकोलाही निवृत्तीनंतरच कळेल, असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जाई. आणि आज शेजारच्या खोलीत समिती बसणार होती. बाई इतकी वर्षं हंगामी. या खेपेला कायम झाल्या नाहीत, तर वयाची अट उलटणार. मग हंगामीही नाही. समिती मोठ्या सरांकडे बघते, सर मान हलवतात, उभी किंवा आडवी. एवढंच कामकाज.

"आजच कशाला ओढवून घेतेस?" नवरा सकाळी म्हणाला होता. "वाघाच्या तोंडात हात घालायचाच, तर त्याचं पोट भरल्यावर घाल की."

पण सरांनी वेळ दिली ती हीच, आणि प्रबंधाची मुदतही दारात येऊन उभी होती.

सर पुन्हा खणखणीत वाचू लागले. खोल समुद्रात, अंधारात राहणाऱ्या माशांविषयीचा उतारा. उच्चार असे, की ऐकायला मासे वर आले असते. परिच्छेद संपला. सर म्हणाले, "उतारा चांगला आहे. विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा."

"सर, हा अभिप्राय झाला. मनातलं हवं होतं."

"माझ्या मनात अभिप्रायच येतात."

पुढचा परिच्छेद अवघड होता. निवडला बाईंनीच होता, पण तेव्हा समितीची तारीख ठरली नव्हती. सरांनी तोही न अडखळता वाचला. मग गप्प. शेजारच्या खोलीत खुर्च्या सरकल्या. सरांचं बोट एका ओळीवर थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. हे बोट बाईंच्या ओळखीचं होतं. मागच्या बाकावरच्या मुलांचं बोट असंच चालतं.

न वाजवावं, तर एवढी खटपट फुकट. वाजवावं, तर नोकरी फुकट. बाईंनी पेन्सिल उचलली. ठेवली. पुन्हा उचलली आणि वाजवली, अगदी हळू, जणू चुकून लागली.

सर ताठ झाले. पण मोठे सर म्हणजे नियमाचा माणूस. उशीर झाला तर स्वतःच्या नावापुढे स्वतः लाल रेघ मारणारे. वाजवलं की बोलायचं, असं ठरलं होतं.

"कळलं नाही," सर म्हणाले.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"काहीच कळलं नाही. वाचता येतं, कळत नाही. आजचं नाही हे." आवाज सपाट होता, हजेरी घेतात तसा. "वर्गात अशी ओळ आली की मी एखाद्या पोराला उभं करतो. त्याला येत नाही. मग त्याला झापतो. तेवढ्यात तास संपतो."

आता टेबल वाजवायची गरज उरली नव्हती. एकदा मनाचा नळ सुटला की माणूस समोरच्याला विसरतो, हे बाईंनी स्वतःच पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं.

"आता हिला समजलं. चेहऱ्यावर दाखवत नाही, पण समजलं. हुशार आहे. हिला काढावं. मान आडवी केली की झालं."

बाई टेबलावर चालू ठेवलेल्या ध्वनिमुद्रकाच्या लाल दिव्याकडे बघत राहिल्या. सरांकडे बघायची सोय नव्हती.

शिपायाने दारातून डोकं आत घातलं. "सर, समिती बसली. तुमच्यासाठीच खोळंबलेत सगळे."

"आलो म्हणावं."

शिपाई गेला. सर उठले नाहीत.

"काढली, तर बाहेर जाऊन चार ठिकाणी सांगेल. हंगामी माणसाला गमवायचं काय असतं? कायम केली, तर इथेच राहील. पगार घेईल, घर बांधेल, हप्ते भरेल. कायम झालेला माणूस शाळेची अब्रू झाकतो. तीत त्याचीही असते."

"सर," बाई कशाबशा म्हणाल्या, "थांबलात तरी चालेल आता."

"उतारा संपलेला नाही," सर म्हणाले. मात्र त्यांनी कागद उलटा ठेवला, चष्मा खिशात घातला आणि ते दाराकडे निघाले. कडीला हात लावून, मागे न बघता, ते पुढचा विचार नियमाप्रमाणे मोठ्याने करू लागले.

"आमच्या वेळच्या मोठ्या सरांचंही एका ओळीवर असंच अडलं होतं. खोलीत मी एकटाच होतो. त्याच आठवड्यात मी कायम झालो."