जुळ्या

मारित नॉर्वेहून झरीला आली, तेव्हा नाताळ दोन दिवसांवर होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कडूबाईने आश्रमात दिलेली आणि तिथून दत्तक गेलेली ही तान्ही लेक. तिने डब्यातली बटाट्याची पातळ पोळी काढली, लोणी-साखर लावून गुंडाळली आणि आईच्या हातात ठेवली. शेजारची निकिता तिचं इंग्रजी मराठीत सांगत होती.

"माय, याला लेफ्सं म्हणतेत. तिकडची आई दर नाताळाला साठ-सत्तर लाटायची म्हणे. पोरं चुलीपाशीच अर्ध्या संपवायची."

कडूबाईने घास तोंडात घेतला. मऊ, गोड होता.

"ती इचारायलीय, आमी दोघी जुळ्या होतो, असं कागदात हाय. मग मलाच का दिलं?"

"ही लय अशक्त व्हती. डोळे बी उघडत नव्हती. अन् अंगावर दूध एकीपुरतंच व्हतं."

"अन् दुसरी?"

"तिला संगं घेऊन ऊसतोडीला गेले. संक्रांतीच्या दिशी फडावरच हगवणीनं गेली. तिळाचा दाणा बी तोंडात पडला न्हाई तिच्या."

निकिताने सांगितलं तशी मारित रडू लागली. तिने कडूबाईचे दोन्ही हात धरले.

"ती म्हणायलीय, काळजावर दगड ठेवून तू मला जगायला पाठवलंस. तुझे लय उपकार हायेत."

कडूबाईने हात सोडवून घेतले.

"खोटं हाय ते. तिला सांग, तुला म्या मरायला दिलं व्हतं. जिला जगवायचं व्हतं, तिला संगं नेली."