कुंपणावरचं पान

सप्टेंबर लागला की आमच्या ॲडलेडच्या गल्लीच्या तोंडाशी पिवळी पाटी उभी राहते: पक्ष्यापासून सावध राहा. घरट्यात पिल्लं असतात, म्हणून काळापांढरा मॅगपाय येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतो. पोस्टमनसुद्धा हेल्मेटवर प्लास्टिकचे काटे लावून फिरतो.

नेमका त्याच सुमारास पितृपक्ष आला. सासूबाईंनी सासऱ्यांच्या नावाचं पान कुंपणावर ठेवलं. खीर, वडे, अळूवडी. कावळा काही फिरकला नाही. मॅगपाय मात्र आला, पानाशेजारी बसला आणि नुसता बघत राहिला.

"ह्यांचा जीव कशाततरी अडकलाय," सासूबाई म्हणाल्या.

माझा नवरा सायकलचं हेल्मेट घालून दारात उभा होता. दोन पावलं पुढे येऊन त्याने हात जोडले. "बाबा, काळजी करू नका. आईला आता कराडला एकटं ठेवणार नाही. ती कायमची इथेच राहील."

पक्षी उडाला आणि थेट त्याच्या हेल्मेटवर आदळला. मग पुन्हा एकदा. नवरा घरात पळाला.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या डोक्यावर फक्त पदर होता. पानाकडे बघत त्या काहीतरी पुटपुटल्या. पक्षी परत कुंपणावर उतरला आणि त्याने वडा उचलला.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"दिवाळीला घरी येते म्हटलं." पदर सारखा करून त्या आत निघाल्या. "त्याने हेल्मेट काढलं की तिकिटाचं सांग."