विकायला काढलेलं बिल

बिल खरं आहे की नाही हे समोरच्या पार्टीला फोन करून विचारावंच लागेल, असं बाईंनी सांगितलं आणि अर्ज भरणाऱ्या कंत्राटदाराचं पेन थांबलं. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. बाईंची कंपनी अडकलेली बिलं विकत घ्यायची. बिल त्यांच्या नावावर करून दिलं की शंभरातले ऐंशी दोन दिवसांत हातात. पार्टीने पैसे दिले की कंपनी आपला वाटा कापून बाकीचे देणार. एका बिल्डरसाठी शाळेच्या तीन मजली इमारतीचा गिलावा पूर्ण करून त्याला पाच महिने झाले होते. पैसा येत नव्हता, माणसं पांगायला लागली होती. दुसरा रस्ता उरला नव्हता.

फोनची भीती उगाच नव्हती. तीन महिन्यांपूर्वी तो बिलासाठी त्या बिल्डरच्या ऑफिसात गेला होता. तिथल्या हिशेबनिसाने त्याला दोन तास बाकावर बसवून ठेवलं आणि मग मोजमापात फरक येतोय म्हणत कागद परत सरकवला. याचं डोकं फिरलं. टेबलावर मूठ आपटून तो नको नको ते बोलला. नव्या साइटवर परतल्यावर त्याने सगळ्या माणसांदेखत जाहीर केलं, की त्या उंबरठ्यावर यापुढे मी पाय ठेवणार नाही आणि माझा कुणी माणूसही ठेवणार नाही. बिल चालत माझ्या दारी येईल. माणसांनी माना डोलावल्या. बिल मात्र काही चालायला शिकलं नाही.

बाईंनी फोन लावून स्पीकर सुरू केला. नेमका तोच हिशेबनीस बोलत होता. पण त्याचा आवाज शांत होता. बिल पै न् पै बरोबर आहे, मोजमापाचा घोळही केव्हाच मिटलाय, असं तो म्हणाला.

"त्यांचे मुकादम यायचे ना, दर मंगळवारी दुपारी. मालकाच्या वतीने माफी मागायचे आणि बाकावर बसून राहायचे. आमच्या इंजिनिअरला सोबत घेऊन त्यांनी भिंत न् भिंत पुन्हा मोजून दिली. इंजिनिअरची एक सही तेवढी राहिली. पुढच्या मंगळवारी येतो म्हणाले, ते आलेच नाहीत. आम्हाला वाटलं, यांना घाई नसेल."

बाईंनी फोन ठेवला आणि समोरचा अर्ज हळूच मिटला. एका सहीने पूर्ण पैसे मिळत असतील तर आम्हाला वाटा कशाला देता, असं त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. कंत्राटदाराला हायसं वाटायला हवं होतं. त्याला मंगळवार तेवढा ऐकू आला होता.

मुकादम त्याच्याबरोबर एकोणीस वर्षं होते. भिंतीत सुताएवढा फुगवटा असला तरी त्यांना तो लांबून दिसायचा, म्हणून माणसं त्यांना पाठीमागे ओळंबा म्हणायची, भिंत सरळ आहे का ते दाखवणारी वजनाची दोरी. हा ओळंबा दर मंगळवारी जेवणानंतर नाहीसा व्हायला लागला. विचारलं तर घरचं काम आहे म्हणायचा. मग कुणीतरी कान भरले, की मुकादमांनी बाहेर दुसरं काम धरलंय. पाचव्या मंगळवारी संध्याकाळी कंत्राटदार साइटच्या फाटकातच उभा राहिला. ते आले तसा, काही न विचारता, चाळीस माणसांसमोर बोलला, "माझं खाऊन दुसऱ्याचं काम करता? याला चोरी म्हणतात, मुकादम."

मुकादमांनी एकदा जमलेल्या माणसांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग आपली थापी आणि पिशवी उचलून ते निघून गेले. गप्प राहिले म्हणजे कबूल केलं, असं त्याने धरलं.

बाईंच्या ऑफिसचा जिना उतरताना त्याला त्या गप्प राहण्याचा अर्थ लागला. एका शब्दात ते सुटले असते. पण त्या शब्दाने मालकाची शपथ चाळीस माणसांत फुकाची ठरली असती.

तो तसाच त्यांच्या घरी गेला. लाँड्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मुकादम नुकतेच कुठल्याशा कामावरून आले होते, कोपराला सिमेंट तसंच होतं. त्यांनी एकुलती खुर्ची त्याच्यापुढे केली. त्यांच्या मुलीने पाणी आणून ठेवलं आणि त्याच्याकडे न बघता ती आत गेली.

बिल सुटलं का, हेच मुकादमांनी आधी विचारलं. एक सही राहिलीय म्हटल्यावर, इंजिनिअर सकाळी अकरापर्यंतच भेटतात, तेव्हा जा आणि जरा सबुरीने बोला, असंही सांगितलं. कंत्राटदाराला ते ऐकवेना. त्याने हात जोडले. फोनवर जे ऐकलं ते सगळं सांगितलं, आपण कान भरून घेतले हेही सांगितलं.

"उद्या साइटवर चला," तो म्हणाला. "जे बोललो ते त्याच चाळीस जणांना उभं करून परत घेतो. सगळ्यांसमोर तुमचे पाय धरतो."

मुकादमांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एकोणचाळीसच उभे राहतील, मालक. चाळिसावे माझे होणारे व्याही होते. टाइल्सच्या कामाला आले होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोयरीक मोडली."